एवेलिओचा बुधवार आणि विजेची गाडी

एवेलिओ विकेसनं उभ्या जन्मात कुणाला 'नाही' म्हटलेलं मी ऐकलं नाही. तसं आमच्या सान राफाएलात कुणीच म्हणत नाही म्हणा. बारशाचं बोलावणं आलं की "येतोच" म्हणायचं आणि जायचं नाही. शिडी मागायला आलं कुणी, की "बघतो की" म्हणायचं आणि बघायचं नाही. मागणाऱ्यालाही ते कळतं, देणाऱ्यालाही कळतं, आणि दोघांची अब्रू झाकली राहते. पण एवेलिओ या विद्येतला पोचलेला माणूस.

माझी खाणावळ त्याच्या घरासमोर. तो नोकरीला खाली राजधानीत, सान होसेत, जमिनीचे नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत. डोंगर उतरून चौदा किलोमीटर, आणि वेळ लागतो दीड तास. पायी गेलेली म्हातारी पुढं निघून जाते आणि वर हात करते, अशी ती वाहतूक. त्यात एवेलिओच्या गाडीच्या नंबराचा शेवटचा आकडा सहा. सहाच्या गाडीला बुधवारी राजधानीच्या आत बंदी. ज्याचा जो आकडा, त्याचा तो वार. बाकीची दुनिया आपल्या बंदीच्या वारी बस धरते. एवेलिओनं तेरा वर्षांमागं एका बुधवारी साहेबांना फोन केला, "सोलेरासाहेब, आज बंदी आहे हो गाडीला." साहेब म्हणाले, "असं होय. बरं बरं." तेही याच मातीतले, नाही कसं म्हणणार? झालं. त्या दिवसापासून एवेलिओला बुधवारची सुट्टी लागली. कागद नाही, सही नाही; पण देशाची घटना बदलेल, ही सुट्टी बदलायची नाही.

त्याच्या बुधवाराचा थाट बघण्यासारखा. सकाळी आठला अर्ध्या चड्डीत अंगणात येणार, भोपळ्याएवढं पोट पुढं काढून झाडांना पाणी घालणार. मग माझ्याकडं फडक्यातून गाळलेली कॉफी, काळ्या घेवड्याचा भात, वर साय. मग सरकार कसं चालवावं यावर एक तास. मग घरी जाऊन दुपारी झोप. "सिनिया," मला म्हणायचा, "माणसाला आठवड्यात सहा दिवस देव देतो. सातवा मी स्वतः मिळवलाय."

आणि नेमकं यंदा त्याच्या बायकोनं, निदियानं, विजेच्या गाडीचा हट्ट धरला.

आमच्या गल्लीत एव्हाना निम्म्या दारांत चिनी विजेच्या गाड्या आल्या होत्या. रोज ऑफिसला जायला स्वस्त, धूर नाही, तेल नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे विजेच्या गाडीला बंदीचा वारच नाही. रोज खुशाल सान होसेत जा. लोकांना हीच तर मेजवानी वाटायची. एवेलिओला ते तेराव्याचं जेवण वाटलं.

पण नाही म्हणायची सोय नाही. म्हणून त्यानं अडचणी काढायला सुरुवात केली. आधी म्हणाला, आपला चढ फार, बॅटरी दमेल. शेजारच्यानं आपली गाडी तीन माणसं आणि एक फ्रीज घालून चढ चढवून दाखवली. मग म्हणाला, आपल्याकडं मे महिन्यात विजा किती पडतात! निदिया म्हणाली, "मग बरंच की, फुकटात भरेल." मग ज्वालामुखीची राख काढली त्यानं.

"राख पडून दोन वर्षं झाली," निदिया म्हणाली.

"म्हणजे आता पडायला झालीच की."

"आवो, तुम्ही गाडी घेताय का ज्वालामुखी?"

"बघू की गं. घेऊ. घाई काय आहे?"

शेवटी निदियानं त्याला शोरूमला नेलंच. विकणारी युर्लेनी नावाची चटपटीत बाई होती. तिनं त्याला स्टिअरिंगवर बसवून डोंगराच्या टोकापर्यंत नेलं. परत आला तो चेहरा लग्नातल्या नवऱ्यासारखा. निदियानं मला नंतर सांगितलं, उतरताना त्यानं दारावरून हात फिरवला, घोड्याच्या मानेवरून फिरवतात तसा. युर्लेनीनं तेवढ्यात शेवटचा वार केला : "आणि काका, बुधवारीसुद्धा कामावर जाता येईल बघा!"

काकांचा चेहरा उतरला. "येतो शनिवारी," म्हणाले.

असे पाच शनिवार गेले.

पाचव्या शनिवारी तो माझ्याकडं येऊन बसला. गिऱ्हाईक नव्हतं. कॉफी ढवळतच राहिला. "सिनिया, गाडी झकास आहे गं. जीव बसलाय माझा. पण बुधवार जातोय."

"मग सांगा की वहिनींना तसं."

"काय सांगू? घरात बसायला मिळावं म्हणून नको? ती म्हणंल, शनिवार-रविवार बसताच की."

"बाकीचे चार दिवस तुम्ही रस्त्यात बसता."

"तेच तर!"

तो गेला आणि मंगळवारी निदिया आली. पदर नाही, पण खोचल्यासारखी. "सिनिया, तुझं ऐकतो तो. तू सांग त्याला गाडी घ्यायला. मला तेलाचं काय पडलेलं नाही बाई. मला माझा बुधवार पाहिजे."

"तुमचा?"

"मग कुणाचा? चार दिवस मी माझ्या घरात एकटी, राणीसारखी. बुधवार उजाडला की हा उठतो, आणि घेवड्यात मीठ कमी आहे म्हणतो. झाडू असा धर म्हणतो. रेडिओ बारीक कर, मी झोपलोय म्हणतो. शनिवार-रविवार मी समजू शकते, ते कायद्यानं आहेत. पण बुधवारानं माझं काय घोडं मारलंय?"

एकच वार, आणि त्याच्यावर दोघांची नजर. मी मधे कॉफीची किटली धरून. नवऱ्याला काय सांगू आणि बायकोला काय सांगू? दोघांनाही म्हटलं, "बघते की."

पुढच्याच आठवड्यात एवेलिओ माझ्या दारात उड्या मारत आला. त्याला युक्ती सापडली होती. गाडी घ्यायची, पण कचेरीत सांगायचंच नाही! सोलेरासाहेबांच्या लेखी जुनी गाडी, जुना नंबर, जुनी बंदी. नवी गाडी कचेरीपासून दोन गल्ल्या सोडून, एका शिवणदुकानामागं उभी करायची. "बुधवार माझाच राहिला," म्हणाला. निदियाला बंदी उठल्याचं ठाऊक, तेव्हा बुधवारी घरी मात्र बसता येणार नाही, एवढंच त्याच्या ध्यानात यायला बुधवार उजाडावा लागला.

गाडी आली. फुगे लावले, पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं. पहिल्या बुधवारी पहाटे सहाला निदियानं त्याला चीज घातलेल्या भाकऱ्या बांधून दिल्या, फाटकापर्यंत पोचवायला आली. तेरा वर्षांत आली नव्हती. तो खाली सान होसेकडं वळल्यासारखा वळला आणि मागच्या रस्त्यानं डोंगरावर गेला. सरूच्या झाडांखाली गाडी लावली, सीट पाडली, झोपला.

दहाला दाट धुकं उतरलं. अकराला थंडी. एकला पाऊस, तो चारपर्यंत. गरम हवा सुरू केली तर बॅटरी उतरते, नाही केली तर पाय गारठतात. भाकऱ्या सकाळी नऊलाच संपल्या होत्या. सरकारवर बोलायला समोर एक गाय. ती पण पाठ करून.

असे चार बुधवार काढले त्यानं. चौथ्यानंतर शिंका देत माझ्याकडं आला आणि म्हणाला, "सिनिया, मी म्हणतो, माणसानं कामाला जावं. कामात देव आहे."

आणि पाचव्या बुधवारी, तेरा वर्षांत पहिल्यांदा, एवेलिओ विकेस बुधवारी सकाळी कचेरीत गेला. हे त्यानं स्वतः मला सांगितलं, आणि सांगताना आवाज खाली गेला होता. दार उघडलं तर आत गिटार वाजत होती. सोलेरासाहेब अनवाणी, पाय टेबलावर, पोटावर गिटार, नकाशांच्या जागी माशाची ताटली. साहेबांनी त्याच्याकडं असं बघितलं, जसं बंद खोलीत शिरलेल्या वटवाघळाकडं बघतात.

"एवेलिओ? आज बुधवार आहे."

"हो साहेब. म्हटलं यावं."

"पण बंदी आहे ना तुला?"

"साहेब, विजेची गाडी घेतली. आता बंदी नाही."

साहेबांनी गिटार हळूच खाली ठेवली. मग आमच्या रीतीप्रमाणे, नाही न म्हणता बोलले :

"फार छान केलंस. ये की, येत जा. पण मी काय म्हणतो, पोलिसांचा काय भरवसा? एखाद्याला कळलं नाही विजेची आहे म्हणून, तर? उगीच कशाला. तेरा वर्षांची सवय आहे, जपावी माणसानं."

"जपतो साहेब," एवेलिओ म्हणाला.

हे सगळं सांगून झाल्यावर तो समोरच्या त्याच्या घरातून दिसणार नाही अशा कोपऱ्यातल्या टेबलावर कोपर टेकून बसला. घरी पाचच्या आत जाता येत नाही. कचेरीत नको आहे. डोंगरावर थंडी आहे. "तुझ्याकडं गर्दी नसते ना गं बुधवारी?" त्यानं विचारलं.

मी काय म्हणणार? म्हटलं, "या की."

आणि आतल्या आत ठरवलं, पुढच्या बुधवारी त्याची चाहूल लागली की शटर अर्धं ओढून मागच्या खोलीत बसायचं. त्याची जुनी गाडी असती तर वळणावरच खोकायची, मला कळलं असतं. पण त्या बुधवारी ही नवी विजेची बया सकाळी सव्वासहाला मागच्या गल्लीत येऊन उभी राहिली तरी चिटपाखराला पत्ता नाही. मी शटरला हात घातला, तर तो पायरीवर उभा, हातात भाकऱ्यांचा डबा.