मोडलेली मान धरली तेव्हा

कोपरीतल्या एका खासगी दवाखान्यात मी ऑपरेशनच्या खोलीत आया होते. चौथी शिकलेली, पण काम हातांत बसलेलं. भूल दिली की श्वासासाठी घशात नळी घालायची. त्यासाठी मी पेशंटची मान मागे टाकायची, ओकला तर तोंड एका बाजूला वळवायचं. इतकी वर्षं तेच केलं की हात न सांगता वळायचे.

एका दुपारी खाडीवरचा एक कोळी आला. ओहोटीला होडीवरून दगडांवर पडलेला. घरच्यांनी त्याला रिक्षात दोघांच्या मध्ये बसवून आणलं, मान लोंबकळत. बघूनच माझं डोकं फिरलं. एक्स-रेत मानेचं हाड मोडलेलं निघालं. पोटात रक्त साठत होतं, ऑपरेशन लगेच हवं होतं. हातपाय अजून हलत होते.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, डोकं दोन्ही हातांनी धरा. मान हलली तर याचे हातपाय गेले."

भूल दिली, त्याचं तोंड उघडलं. तंबाखूचा चोथा, चिखल, आंबूस वास. नळी घालताना जीभ उचलायला तोंडात पातं घालतात. आता म्हणे ते कॅमेऱ्याचं असतं, घसा पडद्यावर दिसतो, मान कमी हलवावी लागते. तेव्हा पात्याला एवढासा दिवा. बाई वाकून वाकून बघत होत्या. तेवढ्यात तो भडाभडा ओकला. मासे, भात, सगळं माझ्या हातांवर.

सर्जन ओरडला, "अगं बघतेस काय? तोंड वळव, गुदमरेल तो!"

माझे हात वळायला निघालेच होते.

"खबरदार, मावशी!" बाई म्हणाल्या. "टेबल डोक्याकडून खाली करा, घाण आपसूक बाहेर ओघळेल. उरलेली सक्शनच्या नळीने ओढा."

"मॅडम, दवाखाना माझा आहे."

"मग नळीही तुम्हीच घाला."

तो मागे सरला. घाण माझ्या कोपरापर्यंत ओघळली, पण मी डोकं सोडलं नाही. तिसऱ्या खेपेला नळी गेली.

ऑपरेशननंतर तो शुद्धीवर आल्यावर बाईंनी त्याच्या तळपायाला टाचणी टोचली. त्याने पाय झटकला. बाई लगेच पुढच्या ऑपरेशनसाठी दुसऱ्या दवाखान्यात गेल्या.

बाहेर सर्जन कोळ्याच्या बायकोला सांगत होता, "मान मी जरासुद्धा हलू दिली नाही हो." ती त्याच्या पाया पडली. त्याने पडू दिलं.

मी दारातच उभी होते. नोकरी त्याच्या हातात, म्हणून तोंड उघडलं नाही. ओकारी साबणाने गेली. त्या गप्प बसण्याची मला अजून घाण वाटते.