ओटीतला नारळ

आज नारळ फोडला आणि त्या गोडसर वासासरशी बनारसच्या संकठा घाटाच्या पायऱ्या आठवल्या.

यांना कोकणातल्या एका लहान गावी शाळेत नोकरी मिळाली होती. आम्ही बनारस सोडणार म्हणून शेजारच्या काकूंनी माझी ओटी भरली. कुंकू लावताना त्यांचा हात थरथरत होता. पुढे मलाच धीर होईना. एकाच रस्त्याच्या त्या गावात दिवस कसे काढायचे? शेवटी आम्ही नकार कळवला. ओटीचा नारळ मात्र फळीवर तसाच राहिला. काकूंचं दार चुकवून मी लांबच्या गल्लीने घाटावर जाऊ लागले.

एका सकाळी स्नान करून येणाऱ्या काकू पायऱ्यांवर समोरच भेटल्या. मी मान खाली घालून पुटपुटले, "काकू, तुमची ओटी फुकट गेली हो."

"फुकट कशी, बिटिया? तांदूळ घालताना मी संकठामातेला हेच मागत होते, की ही जाऊ नये."

तेव्हा वाटलं, माझी लाज झाकायला म्हणताहेत. तो थरथरणारा हात मला आज आठवला. ज्या बाईला मी हवी होते, तिचंच दार मी चुकवत होते.