डावा हात जेलचा, उजवा क्रीमचा

आमच्या समोरच्या दारातल्या वहिनी एका मोठ्या दुकानात सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवर उभ्या असतात. अकरा वर्षं उभ्याच आहेत. स्टूल द्यावं असं अजून कुणाच्या मनात आलेलं नाही. नमुना दाखवायची पद्धत ठरलेली. हायड्रेटिंग जेल डाव्या हातावर, मॉइश्चरायझर क्रीम उजव्यावर. दिवसातून चाळीसदा लावायचं नि पुसायचं, वरून एसीचा झोत.

परिणाम असा, की उजवा हात नव्या नवरीचा आणि डावा तिच्या आजेसासूचा.

"आज चहा कोणत्या हातानं?" नवरा विचारायचा.

"जास्त बोललात तर डावा बसेल."

मग जेलचा खप घसरला. काउंटरवरच्या दोघींपैकी एकीलाच ठेवणार, आणि ते ठरवायला मोठे साहेब येणार. दुसरी पंचविशीची, नुकतीच लागलेली, दोन्ही हात अजून लोण्यासारखे. वहिनींनी त्या दिवशी डावा हात गणवेशाच्या खिशातच कोंबला.

नेमक्या साहेबांच्या देखत एक आजी आल्या. जेलच दाखवा म्हणाल्या. पद्धत म्हणजे पद्धत. डावा हात काढावाच लागला.

"हे लावून असं होतं?" आजींनी त्याला चिमटा काढून पाहिला. "मग राहू दे बाई."

साहेबांचा चेहरा पडला. वहिनींना वाटलं, गेलीच नोकरी. आता खरं बोलायला काय हरकत आहे?

"आजी, जेल कातडीला पाणी देतं. पण उघड्या भांड्यातलं पाणी या एसीत कितीसं टिकणार? क्रीम म्हणजे झाकण. मी अकरा वर्षं झाकणच ठेवलं नाही, त्याचं हे फळ."

"म्हणजे दोन्ही घेऊ?"

"घरात एसी नसेल तर क्रीम पुरे. तोंड धुतल्यावर ओलसर असतानाच लावायची."

साहेब खोकले. आजींनी दोन्ही हात उलटसुलट पाहिले आणि दोन्ही वस्तू घेतल्या. सुनेसाठी एकेक जास्तीची.

वहिनींची नोकरी टिकली. वर साहेबांनी लेखी कळवलं: डाव्या हातास काहीही उपचार करू नये.

"मग त्या हाताचा पगार वेगळा माग," नवरा म्हणाला.

हल्ली रविवारी वहिनी दार लावून घेतात, डाव्या हाताला क्रीम चोपडतात, वर मोजा चढवतात. सोमवारी तो हात जरा माणसात आलेला दिसतो, आणि सोमवारची गिऱ्हाइकं हटकून नुसतं जेल घेऊन जातात.