सरोजाचं कृपादान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवाला सांगितलं — पण तेही गोलमोल करून, 'माझ्या सर्व उणिवांची क्षमा कर' अशा घाऊक भाषेत. उणीव कसली? सरळसरळ लबाडी होती. त्या साळसूद प्रार्थनांची आता मला इतकी चीड येते की एकदाचं बोलूनच टाकते.

मी शाळेतली बाई. बी.एड. झालेली, वर्गात इंग्रजी शिकवून घसा बसलेली. म्हैसूरमध्ये आमचं मराठी घर जुनं, आणि वडिलांपासून आम्ही ख्रिस्ती. मंडळी, म्हणजे आमचं चर्च, कन्नड. रविवारी उपासना चालू असताना शेजारच्या खोलीत लहान मुलांचा वर्ग मी घेत असे. चांगला घेते असं मला वाटायचं. छापील पुस्तकातली गोष्ट, पाठ करायचं एक वचन, शेवटी चित्र रंगवणं. मुलं गप्प बसत. बाईंनी डोळे वटारले की कुठलीही मुलं गप्प बसतात — त्यात काय मोठं?

मग सरोजा आली. नंजनगूडहून बसने यायची. रंगाऱ्यांच्या घरची सून. सासऱ्यांच्या वेळेपर्यंत घरात कापड रंगवायचं काम होतं, पुढे नवरा कारखान्यात लागला. शिक्षण सातवी. तिचा बाप्तिस्मा नुकताच झाला होता, आणि मंडळीत मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, म्हणून ती मला चिकटली. अक्का, अक्का करत मागे असायची. मला ते आवडायचं — हेही सांगायला हवं. खालून वर बघणारं कुणाला आवडत नाही?

एका रविवारी माझा आवाज बसला होता. पास्टर म्हणाले, आज सरोजाला घेऊ दे वर्ग. तिने बायबलमधल्या योसेफाची गोष्ट घेतली, बापाने लाडक्या मुलाला दिलेल्या रंगीत झग्याची. घरून कापडाचे तुकडे आणले होते, ते मुलांच्या हातात दिले. एक रंग पक्का चढायला किती वेळा बुडवायचं, किती वेळा वाळवायचं, हे सांगितलं. म्हणजे इतके रंग चढवायला बापाने किती दिवस काढले असतील बघा, म्हणाली. आणि तेवढे दिवस त्याचे दहा थोरले भाऊ रोज बघत होते, आपल्यासाठी काही चाललेलं नाही.

मी दारात उभी होते. एकही मूल हललं नाही. कुणी डोळे वटारले नव्हते.

माझी मुलगी तेव्हा दुसरीत. दुपारी जेवताना तिने ती गोष्ट अख्खी सांगितली आणि मग म्हणाली, "आई, तू अशी का नाही सांगत?"

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. सात वर्षांच्या पोरीवर नव्हे — सरोजावर. पुढचे तीन रविवार मुलं विचारत राहिली, त्या आंटी कधी येणार? पास्टरही म्हणायला लागले की हिला वर्ग दिला तर?

त्याच सुमारास पास्टर बेंगळूरुहून कसलंसं शिबिर करून आले, येताना एक छापील प्रश्नावली घेऊन. पवित्र आत्मा प्रत्येक विश्वासी माणसाला काही ना काही कृपादान देतो — कुणाला शिकवण्याचं, कुणाला सेवेचं, कुणाला धीर देण्याचं — असं आम्ही मानतो. मीही मानते. आपलं कुठलं, हे त्या कागदावरून कळणार होतं. शंभरावर वाक्यं, 'मुळीच नाही'ला शून्य, 'खूप'ला तीन. बेरीज जिथे जास्त, ते आपलं कृपादान. कागद इंग्रजीत होता. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांचा मी भरून द्यायचा, असं ठरलं. अर्थात! मीच ना मंडळीतली शिकलेली?

शेवटच्या बाकावर सरोजा माझ्याशेजारी बसली. मी एकेक वाक्य मराठीत सांगत होते. 'इतरांना देवाचं वचन समजावून सांगताना मला आनंद होतो.'

"अय्यो अक्का, खूप! त्या दिवशी घरी गेल्यावर जेवणच गेलं नाही, एवढा आनंद."

मी एक लिहिला.

'पडद्यामागची कामं करायला मला आवडतं.' ती हसली. "ते काय, पडलं तर करायचंच, अल्वा, नाही का?"

मी तीन लिहिले.

चुकून झालं का? नाही. तेच तर सांगतेय. एकदा नाही, शेवटपर्यंत तसंच केलं — शिकवण्याचं आलं की कमी, राबण्याचं आलं की भरभरून. आणि ती माझ्या पेनकडे इतक्या विश्वासाने बघत होती की मला तिचाच राग आला.

पुढच्या रविवारी पास्टरांनी नावं वाचली. माझं कृपादान शिक्षण. सरोजाचं सेवा. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली. तिचा चेहरा क्षणभर उतरला, मग म्हणाली, "देवाने सांगितलं तर सरी, ठीक." आणि ती स्वयंपाकघरात गेली. आमच्याकडे उपासनेनंतर सगळ्यांचं जेवण असतं, भात, सारू, एखादी भाजी. त्याची पातेली तेव्हापासून तिची.

कुणालाही नवल वाटलं नाही. बसने येणारी, सातवी शिकलेली बाई भांड्यांपाशी — कुणाला खटकणार? त्या सगळ्यांचाही मला राग येतो. पण तो राग करणं सोपं आहे. त्यांनी फक्त मान डोलावली. खोटे आकडे माझे होते. आणि मी देवाला मानत नसते तर ती नुसती चोरी झाली असती. मी मानते. त्याने तिला जे दिलं ते मला स्पष्ट दिसलं होतं, दारात उभं राहून. तरी मी त्यावर माझं पेन चालवलं आणि खाली त्याचं नाव घातलं. याला काय म्हणतात? मला शब्द माहीत आहे. लिहायला हात होत नाही.

माझ्या त्या मुलीला आता दोन मुलं आहेत. इतकी वर्षं गेली.

मागच्या वर्षी एका रविवारी दुपारी सरोजाने मला बाजूला घेतलं. हात ओले होते, गुडघे धरलेले, त्यामुळे भिंतीला टेकून उभी राहिली. म्हणाली, "अक्का, एक पाप आहे. कुणाला सांगितलं नाही." तुमचा वर्ग चालू असतो, स्वयंपाकघरात भिंतीतून ऐकू येतं, म्हणाली. इतकी वर्षं दर रविवारी वाटतं की हे मी सांगितलं तर मुलं अजून ऐकतील. देवाने मला ते दिलेलं नाही, स्पष्ट सांगितलंय, तरी मन ऐकत नाही. "गर्व आहे हा माझा. प्रार्थना करा ना माझ्यासाठी."

तेव्हा बोलायचं होतं. दुसरी कुठली वेळ होती?

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. प्रभू, हिचा गर्व काढून घे, असं म्हटलं. मोठ्याने, व्यवस्थित, शेवटी तुझ्या पुत्राच्या नावाने. ती आमेन म्हणाली आणि रडली.

पुढच्या रविवारी तिने पातेली मागच्या नळावर नेली. तिथे सावली नाही, बसायला धड जागा नाही. इकडे का गं, मी विचारलं. "आता बरं आहे अक्का," ती म्हणाली, "इथे काही ऐकू येत नाही."

ती अजून येते. मी अजून शिकवते.