न उतरलेली लू

तात्यापारा मोहल्ल्यात कुणाला लू, म्हणजे उन्हाचा झटका, लागली, की डॉक्टरच्या आधी शर्मिष्ठाबाई देशकरांचं दार वाजायचं. बाई रेल्वेतल्या कारकुनाच्या विधवा. तोंडाने फटकळ, पण हाताला गुण. तळपायाला कांद्याचा रस चोळायचा, भाजलेल्या कैरीचं पन्हं पाजायचं आणि वर खडसावायचं, भर उन्हात उंडारायला कुणी सांगितलं होतं? दुकानातला नोकर असो की रिक्षावाला, सगळ्यांच्या त्या 'दीदी'. या मानाचा त्यांना गर्व होता, आणि तो त्या लपवतही नसत.

घरात मात्र एका माणसापुढे त्यांचं काही चालत नसे. तो म्हणजे विहंग, एकुलता एक मुलगा. तेलीबांध्याच्या एका ऑफिसात नोकरी, स्वभावाने गरीब, अंगाने अंमळ जास्तच भरलेला. दुर्ग शहरातली एक मुलगी त्याला मनापासून आवडली होती. तिच्या घरून 'मुलगा फार जाड आहे' असा निरोप आला आणि पोरगा हसायचाच थांबला. लहानपणापासून तूप-भात कोंबला होता तो आईनेच, त्यामुळे तो निरोप बाईंना स्वतःलाच झोंबला.

मग विहंगच्या जिममधल्या इंद्रजीतने कुठून तरी पिवळी पूड भरलेल्या कॅप्सूल आणून दिल्या. विहंगने आईला सगळं सांगितलं, लपवाछपवी त्याला जमतच नसे. औषध अजून प्रयोगात होतं. उंदरांवर झालं होतं, माणसांवर व्हायचं होतं.

"बसल्या बसल्या चरबी जळते, आई. मेटाबॉलिझम बढ़ जाता है."

"अन् त्या उंदरांचं काय झालं?"

"पतले हो गए," म्हणून तो हसला.

कितीतरी दिवसांनी हसला होता! बाईंनी पुढे काही विचारलंच नाही. उलट रोज सकाळी कॅप्सूल आणि पाण्याचा पेला स्वतः त्याच्या हातात देऊ लागल्या.

वजन खरंच उतरू लागलं. कूलरसमोर बसूनही पोराला घामाच्या धारा लागायच्या. "औषध काम करून राहिलं," असं दोघंही एकमेकांना सांगायचे. पण विहंगला घाई सुटली होती. मे महिन्यात तो एकाऐवजी दोन घेऊ लागला.

एका दुपारी तो ऑफिसातून लवकर घरी आला. चेहरा लालबुंद, छाती भात्यासारखी हलत होती. बाईंनी कपाळाला हात लावला तर चटकाच बसला.

"आई, लू लगी है शायद. तू उतार दे ना."

"दवाखान्यात जाऊ रे."

"वहाँ पूछेंगे क्या खाया. सबको पता चलेगा, सब हँसेंगे. नको ना, आई."

लू लागलेल्याचा घाम आटतो, अंग खडखडीत कोरडं पडतं, हे साऱ्या मोहल्ल्याला बाईंनीच शिकवलं होतं. आणि विहंगचा शर्ट पिळून काढावा इतका ओला होता. बाईंनी तो स्वतःच्या हाताने उतरवला, दोरीवर टाकला आणि त्या कांदा किसायला बसल्या. कळत होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं. लू असती तर ती त्यांना उतरवता आली असती. कॅप्सूल असली, तर ती त्यांनीच दिलेली होती.

अख्खी दुपार तशीच गेली. पन्हं त्याच्या ओठांवरून ओघळू लागलं. तो आईला 'मॅडम' म्हणून काहीबाही बरळायला लागला, तेव्हा त्या किंचाळत बाहेर धावल्या. शेजारच्या प्रफुल्लने त्याला गाडीत घातलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी बर्फ मागवला. "माताजी, इसने कोई दवा ली थी?"

"हव," बाई म्हणाल्या. "पीली वाली. मैंने ही दी."

याला उतारा नाही, डॉक्टर म्हणाले. दुपारीच आणलं असतं तर निदान...

दिवेलागणीच्या आधी विहंग गेला. वॉर्डबॉय चादर ओढायला आला, तर बाईंनी त्याचा हात झटकला.

"झाकू नका! अंग गरम आहे माझ्या पोराचं. मले कळत नाही का?"

त्यांची समजूत घालायला म्हणून प्रफुल्लने विहंगच्या हाताला हात लावला, आणि लगेच मागे घेतला. अंग खरंच गरम होतं, जिवंत माणसाचं असतं त्याहून गरम. बाई त्या हातावर हात ठेवून बसून राहिल्या. तो गार पडेपर्यंत त्या उठायला तयार नव्हत्या, आणि तो फार सावकाश गार पडला.