तिसऱ्या नंबरचा हेडसेट

मी देवाला हात जोडते, पण भूत, करणी, अंगात येणं यातलं काही मानत नाही. गल्लीत कुणी असलं सांगायला लागलं की मी उठून घरात जाते. माझी शाळा चौथीपर्यंत, आणि बोलणं त्याहून कमी... म्हणून तोंडाने कुणाला सांगितलं नाही, वहीत लिहिते आहे. वाचणाऱ्याने खोटं म्हटलं तरी चालेल.

भिंगारला बाजाराच्या मागे आमचं वर्कशॉप आहे. तिथे लष्कराच्या रेडिओचे हेडसेट येतात. आम्ही बायका कानाच्या गाद्या बसवतो, माइक ओठापासून दोन बोटांवर येईल असा वाकवतो, डाव्या कानात एक रेडिओ आणि उजव्या कानात दुसरा नीट येतोय ना ते बघतो. त्या आठवड्यात तीन नमुने आले होते. गोंगाटात ज्यातून शब्द सगळ्यात स्वच्छ कळतील तो निवडायचा होता.

त्यासाठी एक खोली आहे, न्हाणीघराएवढी. भिंतींना, छताला, दारालाही जाड स्पंज. आत स्पीकरवर इंजिनाची घरघर लावतात, कानात एकेक शब्द येतो, तो कागदावर लिहायचा. आतला आवाज बाहेर जात नाही, बाहेरचा आत येत नाही. साहेबांनी मला बसवलं. म्हणाले, "मंदाताई गप्प असतात, त्यांचं लक्ष जागेवर असतं."

शनिवार होता, एक वाजता सुट्टी. तिन्ही हेडसेट झाले, तिसऱ्याचे बरोबर आलेले शब्द सगळ्यात कमी भरले. मग हात धुताना लक्षात आलं – तिसऱ्याच्या वेळी मी डोक्याचा स्कार्फ काढलाच नव्हता! गादी कापडावर बसली की फट राहते आणि गोंगाट आत शिरतो. चूक हेडसेटची नव्हती, माझी होती.

सांगायला गेले. साहेब फोनवर होते. दारात उभी राहिले आणि परत आले.

"दारातनंच दर्शन घेऊन आलीस व्हय?" शबाना हसली. ती माझ्या शेजारच्या टेबलावर असते.

"काही न्हाई गं."

"तुझं कायम काही न्हाईच असतं."

मी ठरवलं, गुपचूप पुन्हा बसावं आणि कागद बदलावा. शबाना सामान बांधायला पुढच्या खोलीत गेली तशी मी शब्दांचं रेकॉर्डिंग लावलं, स्कार्फ काढून गळ्यात घेतला, आत गेले, दार ओढून घेतलं. कुणालाच सांगितलं नाही.

चार-पाच शब्द झाले असतील आणि लाईट गेली.

घरघर थांबली, दिवा गेला, पंखा गेला. मी दचकून उठले तशी हेडसेटची वायर भिंतीतल्या सॉकेटमधून निसटली. चाचपत दाराचा दांडा धरला, फिरवला – तो हातातच आला.

मोबाईल बाहेर, पिशवीत. थोड्याच वेळात वर्कशॉपला कुलूप लागणार, मग थेट सोमवार. घरी वाट बघणारं कुणी नाही, आमचे मालक संगमनेरकडे ऊसतोडीला गेलेले. दारावर बुक्क्या मारल्या, त्या स्पंजात बुडाल्या. ओरडायला तोंड उघडलं... आवाज निघेना. खरं सांगते, तिथे माझं ऐकायला कुणी नव्हतं तरी मला लाज वाटली. खाली बसले आणि रडू आवरायला स्कार्फचा बोळा दातात धरला. हवा जड झाली होती, अंगाला घाम सुटला होता. कानांवरचा हेडसेट काढायचं सुचलंही नाही.

आणि कानात एक बाई ओरडली.

"शबाना! मी आत हाय! दार उघड!"

खणखणीत आवाज. तीनदा. वायर माझ्या मांडीवर पडलेली, तोंडात कापड. आणि तो आवाज माझा होता.

मग दार उघडलं. पुढे शबाना, मागे साहेब.

"अगं बये, केवढ्यांदा वरडलीस!" शबाना म्हणाली. "पहिल्या नंबरचा डब्यात ठेवत हुते, तर त्याच्यातनं तू! साहेबांनी बी ऐकलं."

साहेबांनी तिच्या हातातला हेडसेट घेतला. वायर गुंडाळून रबर लावलेली. सेलची जागा उघडून बघितली, रिकामी. मग माझी लोंबणारी वायर बघितली.

"मंदाताई, आत कशाला गेला होता?"

मी स्कार्फचं सांगितलं. ते रागावले नाहीत. "एवढंसं सांगायचं सोडून जीव द्यायला निघाला होता?" एवढंच म्हणाले.

सोमवारी त्यांनी शबानाला आत बसवून, दार लावून जोरजोरात ओरडायला लावलं. आम्ही बाहेर कान लावून उभे. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. दोन्ही हेडसेट खोलून पाहिले, त्यांनाही काही सापडलं नाही.

शबाना अजून म्हणते, "एकदा तशी वरड की, बघू." एकदा घरी कडी लावून मी करूनही पाहिलं. निघाला तो माझा नेहमीचाच बारीक आवाज, शेजारीसुद्धा पोहोचला नसेल.

त्या दिवशी दार ज्याने उघडवलं तो आवाज माझाच होता, एवढं नक्की. पण मी तो काढला नव्हता. मग कुणी काढला... हे मला आजही कळलेलं नाही.