गूळ कोणी घातला

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगते आहे, कोण जाणे. एका पाखराची तर गोष्ट — असंच मी स्वतःला समजावत आले. पण पाखरासाठी कोणी इतकी वर्षं झुरतं का?

आम्ही परदेशात, कोक्विटलाम नावाच्या गावात राहतो. मार्चमध्ये, पाऊस हटलेला नसतानाच, दक्षिणेकडून हमिंगबर्ड येतात. अंगठ्याएवढा जीव. लोक त्यांच्यासाठी मागच्या अंगणात साखरपाण्याची लाल बाटली टांगतात. त्या वर्षी सासूबाई नागपूरहून आल्या होत्या. दिवसभर घरात एकट्या, बोलायला कोणी नाही. शेजारच्या लिंडाने त्यांना एक बाटली आणून दिली.

"एवढ्या दुरून येतात बिचारी, गूळपाणी द्यायला हवं," आई म्हणाल्या. मी त्यांना आईच म्हणते. मी हसले. सांगितलं — गूळ नाही, मध नाही, फक्त पांढरी साखर, बाकीचं त्यांना बाधतं. त्यांनी ते मनावर घेतलं. रोज बाटली गरम पाण्याने धुवायच्या. पाखरू आलं की मला ऑफिसात फोन करायच्या. इतक्या खुशीत मी त्यांना इथे कधी पाहिलं नव्हतं.

मग त्यांना ताप आला. बाटली माझ्याकडे आली. एका दुपारी पाहते तर साखर संपलेली, बाहेर पाऊस, आणि मला ग्रोसरीला जायचा कंटाळा. हो, नुसता कंटाळा. मी गूळ विरघळवला आणि ओतला. नंतर बाटली धुवायचीही राहिली.

पाखरू बाटलीखालीच मरून पडलं होतं. गुळानेच मेलं का? ते मला सांगता येणार नाही. पण लिंडाने ते तपकिरी, आंबलेलं पाणी पाहिलं. "हू पुट धिस इन?" तिने विचारलं. नवराही तिथेच होता. आणि मी — किती सहज — म्हणाले, आईंनी घातला असेल, तापाच्या गुंगीत.

"मी? मला तर काहीच आठवत नाही गं," आई म्हणाल्या.

तेव्हा बोलता आलं नसतं का? मी म्हटलं, "जाऊ द्या आई, होतं असं." म्हणजे मी त्यांना माफ केलं. मी — त्यांना.

पुन्हा त्यांनी बाटलीला हात लावला नाही. बंद केलेला गॅस पुन्हापुन्हा बघायच्या. आपण गोळी घेतली का, हे मला विचारायच्या. एकटी असताना गॅस पेटवू नकोस, असं नवऱ्याने त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. ठरल्यापेक्षा लवकर त्या दिरांकडे नागपूरला परतल्या.

आता त्यांना खरोखरच विसर पडतो. हे माझ्यामुळे झालं का? नाही, असंच डॉक्टर म्हणतील. मी विचारलेलं नाही.

यंदा पाखरं आली तेव्हा मी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन बाटलीकडे वळवला. आईंनी मला ओळखलं नाही. बाटली मात्र ओळखली.

"तिथे मी गूळ घातला होता," त्या मला सांगू लागल्या. "एक जीव गेला माझ्या हातून. पण सून गुणाची. एका शब्दाने दुखवलं नाही तिने मला."

मी फोन तसाच बाटलीकडे धरून ठेवला.